मुका रोगी

तालुक्याच्या गावी, बाजारपेठ संपून जेथे शेते सुरू होतात तेथे, कौलारू छपराची एक बैठी इमारत आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर ‘पशुवैद्यकीय दवाखाना’ अशी ठळक अक्षरे आहेत. परंतु गावात कोणालाही विचारले तर तो ‘गुरांचा दवाखाना’ म्हणूनच ठाऊक असतो. हे नाव अगदीच चुकीचे नव्हे. अंगणात लोखंडी खांबांचा खोडा अजून उभा आहे आणि त्यात बैल, म्हशी अडकवून त्यांना सुया टोचल्या जातात. पशुवैद्यक हे शास्त्रच मुळी माणसाच्या उपयोगी पडणाऱ्या जनावरांसाठी वाढले. आपल्याकडे घोड्यांसाठी शालिहोत्र आणि हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद रचला गेला. युरोपात १७६१ साली फ्रान्समधील लिआँ येथे पशुवैद्यकाची शाळा स्थापन झाली, तीही गुरांच्या साथी आणि घोड्यांचे रोग यांच्या चिंतेतून. मुंबईत परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले ते १८८६ साली. त्या काळी कुत्र्याचे पोट दुखते किंवा मांजर जेवत नाही, ही गोष्ट फारशी कोणाच्या खिजगणतीत नव्हती.

आज सकाळी दवाखान्याचे दार उघडते तेव्हा ओट्यावरील बाकावर निराळीच मंडळी बसलेली दिसतात. बाजाराच्या पिशवीतून केवळ डोके बाहेर काढलेले मांजर, सुतळीने बांधून आणलेले गावठी कुत्रे, मोटारीतून उतरलेला एखादा दांडगा आल्सेशियन, आणि या सर्वांच्या शेजारी त्यांच्याहून अधिक घाबरलेली त्यांची माणसे. कोणाचा पाय मोडलेला असतो, कोणाला खरूज झालेली असते; परंतु पोटाचा रोगी आला नाही असा दिवस विरळा. “काही खात नाही,” “सारखा ओकतो आहे,” “पोट बिघडले आहे,” या तीन वाक्यांनी दवाखान्याचा दिवस सुरू होतो आणि बहुधा याच वाक्यांनी तो संपतो.

येथील डॉक्टरबाई रोग्याला हात लावण्याआधी त्याच्या माणसाला प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : “काय खाल्ले होते याने?”

उत्तरही ठरलेले असते : “काही नाही, नेहमीचेच.”

‘नेहमीचेच’ हा शब्द ऐकला की डॉक्टरबाई हातातील लेखणी खाली ठेवतात. माणसांच्या डॉक्टरला रोगी स्वतः सांगतो की दुखते कोठे, केव्हापासून, आणि काल लग्नात किती जेवलो. जनावराच्या डॉक्टरकडे येणारा रोगी मुका असतो. आणि ज्याला वाचा आहे तो कित्येकदा खरे सांगत नाही. तो खोटारडा असतो असे नव्हे. त्याने प्रेमाने दिलेला तुकडा त्याच्या लेखी खाणे या सदरात मोडतच नाही. दिवाळीच्या फराळातील चकली, पाहुण्यांच्या ताटातील मटणाची हाडे, मुलाने टेबलाखालून सरकवलेली जिलबी, या साऱ्यांना घरोघरी ‘नेहमीचेच’ असे म्हणतात. भरपूर चरबीच्या एकाच जेवणाने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊन तो मरणाच्या दारी जाऊ शकतो, हे सांगितले तर ऐकणाऱ्याला ती अतिशयोक्ती वाटते.

म्हणून प्रश्न फिरवून विचारावे लागतात. ओकारी येते तेव्हा पोट आत ओढले जाते का, की मान खाली घालताच खाल्लेले अन्न जसेच्या तसे बाहेर पडते? पहिल्या प्रकारात दोष पोटात किंवा त्याच्या पलीकडे असतो, दुसऱ्यात तो अन्ननलिकेत असतो, आणि दोहोंचे उपचार अगदी वेगळे आहेत. जुलाब दिवसातून दोनतीन वेळाच, पण पुष्कळ होतात का? तसे असेल तर लहान आतड्याकडे पाहावयाचे. वारंवार कुंथून थोडेथोडे, आवेसारखे, वर ताज्या रक्ताची रेघ असलेले होतात का? मग बिघाड मोठ्या आतड्यात. आणि रंग डांबरासारखा काळा असेल तर रक्तस्राव वर कोठेतरी, जठरात किंवा त्याच्या लगत होत आहे असे समजावयाचे. घरातील माणसाने स्वतःच्या सांधेदुखीची गोळी कुत्र्यालाही दिली की कित्येकदा असेच होते. त्या गोळ्यांनी त्याच्या जठरात व्रण पडतात. मांजराच्या बाबतीत तर आपल्या घरात सर्रास असलेली पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

असल्या प्रश्नांची उत्तरे देताना भलेभले संकोचतात. एकदा एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ खोकत, घुटमळत उभे होते. अखेर त्यांनी कोटाच्या खिशातून कागदात गुंडाळलेली एक काड्यापेटी काढली आणि तोंड दुसरीकडे वळवून टेबलावर ठेवली. आपल्या कुत्र्याच्या विष्ठेचा नमुना त्यांनी तीत भरून आणला होता. डॉक्टरबाईंनी त्यांचे इतके मनापासून आभार मानले, की बाकावरची मंडळी चकित होऊन पाहू लागली. सूक्ष्मदर्शकाखाली त्या नमुन्यात अंकुशकृमींची अंडी दिसली. हे कृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. हिरड्या पांढऱ्या का पडल्या आहेत, हे त्या काड्यापेटीने सांगितले. जे काम मोठ्या यंत्राने झाले नसते, ते संकोच बाजूला ठेवल्याने झाले होते.

अर्थात, मुका रोगी अगदीच काही सांगत नाही असे नाही. त्याची भाषा निराळी असते, एवढेच. पोटात कळ उठली की कुत्रा पुढचे पाय लांब ताणून छाती जमिनीला टेकवतो आणि मागचा भाग वर ठेवतो. घरच्यांना वाटते की तो खेळावयास बोलावतो आहे. मांजर तर दुखणे लपविण्यात मोठे पटाईत. ते अंग चोरून फडताळामागे जाऊन बसते आणि दोन दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. डॉक्टरबाई त्याच्या हिरड्यांवर बोट दाबतात. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावयास हवा. मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडतात. ती झटकन पूर्ववत न होता तंबूसारखी उभी राहिली, तर शरीरातील पाणी आटले आहे. मग तापमान पाहतात. पारा १०१·५ वर गेलेला दिसताच माणसे घाबरी होतात. परंतु कुत्र्यामांजरांच्या बाबतीत तेवढे अंग गरम असणे हेच निरोगीपणाचे लक्षण होय. शेवटी दोन्ही तळव्यांत पोट धरून बोटांनी हलकेच चाचपून पाहतात. या वेळी त्या कोणाशी बोलत नाहीत.

मे महिन्यात अशाच एका पोटात त्यांच्या बोटांना काहीतरी टणक, चपटे लागले. कुत्रा तीन दिवस ओकत होता. वडील, आई, काका, सर्वांनी एकमुखाने सांगितले होते, की दूध-पोळीशिवाय तो काही खात नाही. कोपऱ्यात उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलीला डॉक्टरबाईंनी विचारले, “घरी आमरस केव्हा झाला, बाळ?” ती म्हणाली, “रविवारी. आणि टिप्याने कोय पळवली!” घरच्यांच्या माना खाली गेल्या. आंब्याची कोय गिळताना सोपी, पण लहान आतड्यात जाऊन ती बुचासारखी बसते. औषधाने ती विरघळत नाही आणि जुलाब देऊन ढकलू पाहिल्यास आतडे फाटण्याची भीती. जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रिया होऊन टिप्या वाचला. मक्याचे चोखलेले कणीसही हाच पराक्रम करते.

मांजराचा शत्रू याहून बारीक असतो. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचे मांजर दोन दिवस ओकत होते. डॉक्टरबाईंनी त्याचे तोंड उघडले आणि अंगठ्याने हनुवटीखालून दाबून जीभ वर उचलली. जिभेच्या मुळाशी पांढऱ्या दोऱ्याचा वेढा बसलेला होता. दोऱ्याची दोन्ही टोके घशात उतरत होती. ते दिसताच त्या बाईंनी दोरा ओढण्यासाठी हात पुढे केला. डॉक्टरबाईंनी तो चटकन धरला. परकराच्या नेफ्यातून नाडी ओढली की कापडाला जशा चुण्या पडतात, तशा एका जागी अडकलेल्या या दोऱ्यावर आतड्याला चुण्या पडतात. आणि तो ओढला की करवतीसारखा आतडे कापीत जातो. संक्रांतीच्या सुमारास पतंगाचा मांजाही असाच मांजरांच्या पोटात जातो. दोऱ्याची रिळे उघडी टाकू नयेत, एवढे ज्ञान घरोघरी असते तर कित्येक मांजरांची पोटे फाडावी लागली नसती.

मांजराविषयी आपल्या भाषेनेही थोडा गैरसमज करून ठेवला आहे. डोळे मिटून दूध पिणारे मांजर म्हणीत शोभते. परंतु मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात. मांजर हे पक्के मांसाहारी आहे. वरण-भातावर ते कसेबसे जगले, तरी त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागणारे घटक मांसातूनच मिळतात. आणखी एक गोष्ट अशी, की लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले तर अंगातील चरबी यकृतात साचून यकृतच निकामी होऊ लागते. “रुसले असेल, भूक लागली की खाईल,” असे म्हणून थांबणे कुत्र्याच्या बाबतीत कदाचित निभेल, मांजराच्या बाबतीत नाही.

काही प्रसंगी मात्र डॉक्टरबाई रोग्याच्या तोंडात हात घालण्याचे नाकारतात. “घशात हाड अडकले आहे, लाळ गळते, गिळता येत नाही,” असे सांगत कोणी कुत्रा आणला, की त्या सर्वांना चार पावले मागे सरावयास सांगतात. खरोखर हाड असेलही. परंतु पिसाळ रोगाच्या एका प्रकारात कुत्रा चवताळत नाही. त्याचा जबडा लुळा पडून लोंबतो आणि पाहणाऱ्याला नेमके हाड अडकल्यासारखे वाटते. पोटाचा किंवा घशाचा रोग समजून ज्याने तोंडात बोटे घातली, त्याचाच जीव धोक्यात येतो. अशा वेळी त्यांचा सौम्य आवाज कठोर होतो आणि तसा तो व्हावयासच हवा.

या सर्व रोग्यांपेक्षा मोत्याची गोष्ट दवाखान्यात अधिक दिवस चालली.

मोत्या हे सुमारे अडीच महिन्यांचे गावठी पिलू. पाचवीत शिकणारा एक मुलगा आणि त्याची आजी यांनी त्याला गोणपाटात गुंडाळून आणले. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या त्या वृद्ध बाईंनी बाकावर बसण्यापूर्वीच सांगितले, की गवताच्या गंजीखाली कुत्रीने तीन पिले घातली होती. त्यांतली दोन याच आठवड्यात गेली आणि हे तिसरे. पिलाला उभे राहवत नव्हते. ओकारीत पिवळा फेस होता, जुलाबात रक्त होते, आणि त्याचा विशिष्ट दर्प दारातूनच आला. डॉक्टरबाईंनी त्यांना बाकावर बसू दिले नाही. त्यांना अंगणातून वळसा घालून खोड्यापलीकडच्या रिकाम्या पडवीत नेले.

“काय खाल्ले होते याने?”

“काही नाही, डॉक्टरीणबाई, नेहमीचेच,” आजी म्हणाल्या. मुलाने आजीकडे पाहिले आणि लगेच मान फिरवली. ते डॉक्टरबाईंच्या नजरेतून सुटले नाही. पण त्या दिवशी त्या अधिक काही बोलल्या नाहीत. तपासणीच्या लहानशा पट्टीवर काही मिनिटांत दोन रेघा उमटल्या. पार्व्होचा रोग होता.

या रोगाचा इतिहास फार जुना नाही. १९७८ साली जगातील निरनिराळ्या देशांत कुत्री अकस्मात रक्ताच्या जुलाबांनी मरू लागली, तेव्हा तो प्रथम ओळखला गेला. मांजरांमध्ये पूर्वीपासून असलेल्या एका विषाणूशी त्याच्या विषाणूचे जवळचे नाते आहे. दोन वर्षांच्या आत तो जगभर पसरला, आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी भारतातही त्याची नोंद झाली. आतड्याचे अस्तर मखमलीसारखे असते आणि त्याच्या पेशी झिजून दर काही दिवसांनी नव्या येत असतात. हा विषाणू नेमका त्या नव्याने जन्मणाऱ्या पेशींवर घाला घालतो. मग अस्तर गळून पडते, अंगातील पाणी आणि रक्त पाझरून जाते, आणि आतड्यातील जंतूंना रक्तात शिरावयास वाट मोकळी होते. त्याच वेळी तो अस्थिमज्जेवरही हल्ला करतो, त्यामुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. घर पेटावे आणि विहीरही आटावी, तसा हा प्रकार आहे. उपचार न झाल्यास बहुतेक पिले दगावतात. वेळेवर नेटाने उपचार झाल्यास बहुतेक वाचू शकतात. तालुक्याच्या दवाखान्यात त्या विषाणूलाच मारील असे औषध नसते. शिरेतून पाणी आणि क्षार द्यावयाचे, ओकारी थांबवावयाची, जंतूंना आवर घालावयाचा आणि अंग ऊबदार ठेवावयाचे. आतड्याला नवे अस्तर येईपर्यंत प्राण धरून ठेवणे, एवढेच काय ते माणसाच्या हाती असते.

मोत्याच्या पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवून वर पट्टी बांधण्यात आली. मुलगा सलाइनची बाटली हातात उंच धरून उभा राहिला. खिळ्याला अडकवितो म्हटले तरी त्याने ती सोडली नाही. दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा आली, तेव्हा नातू नळावर हात धुवावयास गेल्याचे पाहून आजी डॉक्टरबाईंच्या जवळ सरकल्या.

“काल खोटे बोलले मी,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “आदल्या रात्री तोंडाला काही लावीना, म्हणून दुधात साखर-तूप घालून बोटाने चाटवले. पोर नको म्हणत होते. लगेच ओकला आणि मग रक्त सुरू झाले. मीठ-मोहरी ओवाळून टाकली, तरी उतार नाही. माझ्याच हाताने गेला का हो तो?”

बहुधा रात्रभर त्या हाच प्रश्न मनात घोळवीत होत्या. डॉक्टरबाईंनी मीठ-मोहरीविषयी काही टीका केली नाही. त्या म्हणाल्या, “आजी, दुधाने हा रोग होत नाही. रोग त्या आधीच चारसहा दिवस त्याच्या पोटात शिरला होता. तुमच्या दुधाने त्याला एक ओकारी अधिक झाली, एवढेच. पण काल खरे सांगितले असते, तर मला तेवढे ठाऊक झाले असते.” आजींनी पदराने डोळे पुसले आणि तेव्हापासून त्या काहीही लपवीनाशा झाल्या, उलट इतके तपशील सांगू लागल्या, की त्यांना आवरणे कठीण झाले.

तिसरा दिवस सर्वांत वाईट गेला. हिरड्या फिकट पडल्या, पाय गार लागू लागले. त्याच सकाळी मोटारीतून एक केसाळ, उंची जातीचे पिलू आले. दहा दिवसांपूर्वी ते विकत घेतलेले होते आणि लस दिली आहे, असे विकणाऱ्याने तोंडी सांगितले होते. घरच्यांनी चार दिवस जुलाबाची माणसांची औषधे देऊन पाहिली होती. सलाइन लावता लावताच ते गेले. मुलाने पडवीतून ते सारे पाहिले. थोड्या वेळाने त्याने विचारले, “आपला मोत्या वाचेल?”

“आज सांगता येत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “उद्या विचार.”

मुलाने मान हलवली. खोटा धीर दिला असता तर तो त्याला ओळखता आला असता, असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

त्या दुपारी ओकाऱ्या थांबल्या आणि खाण्याचा प्रश्न उभा राहिला. लंघन हे मोठे औषध, ही आपल्याकडील जुनी समजूत. आणि पशुवैद्यकातही दीर्घकाळ हेच शिकविले जाई, की अशा रोग्याला एकदोन दिवस अन्नपाणी वर्ज्य करावे, आतड्याला विसावा द्यावा. पुढे हे मत बदलले. आतड्याचे अस्तर आपले पोषण बऱ्याच अंशी समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेते. अन्नच न आल्यास ते अधिक दुबळे होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पार्व्हो झालेल्या काही पिलांना उपचारांच्या आरंभापासूनच नळीने थोडे थोडे अन्न देण्यात आले. ती उपाशी ठेवलेल्या पिलांहून लवकर सावरली. म्हणजे रोग्याच्या तोंडी काहीतरी पडावे, ही घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तळमळ अगदीच अनाठायी नव्हती. चूक होती ती साखर-तुपाची आणि मापाची.

डॉक्टरबाईंनी आजींच्या हाती एक चहाचा चमचा दिला. “दर दोन तासांनी एवढेच. मऊ शिजवलेला भात आणि कोंबडीचे उकडलेले मांस, साल आणि चरबी काढून, बारीक कुस्करून. मीठ नाही, तिखट नाही, तेल नाही. आणि कांदा-लसूण तर मुळीच नाही. त्याने कुत्र्यांच्या रक्तातील पेशी फुटतात. रात्रीसुद्धा उठावे लागेल.”

माळकरी आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “कोंबडी शेजारची उकडून देईल. माझे भांडे नाही लावणार, पण भरवीन मी.” आणि जरा थांबून त्यांनी विचारले, “म्हणजे कांदा-लसणाचा याला बारा महिने चातुर्मास म्हणा की!” तीन दिवसांत पडवीत प्रथमच कोणी हसले.

मुलालाही कामे सांगण्यात आली. हा विषाणू माणसाला बाधत नाही, पण माणसाच्या हातांवरून, चपलांवरून तो दुसऱ्या कुत्र्यापर्यंत जातो. साबणाने तो मरत नाही. पाण्यात मिसळलेल्या ब्लीचिंगच्या द्रावणाने मरतो. मातीत तो कित्येक महिने, प्रसंगी वर्षभर टिकून राहतो. तेव्हा मोत्याचे गोणपाट जाळावयाचे, फरशी त्या द्रावणाने धुवावयाची, आणि गंजीच्या जागी वर्षभर दुसरे पिलू आणावयाचे नाही. गल्लीत आणखी दोन पिले आहेत, असे मुलाने सांगितले. त्यांना लस टोचावयास हवी, परंतु एकदा टोचून भागत नाही. आईच्या पहिल्या दुधातून पिलाला जे संरक्षण मिळते, ते असेपर्यंत लसही निष्प्रभ ठरते, आणि ते केव्हा ओसरेल हे प्रत्येक पिलागणिक वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून आरंभ करून, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, पिलू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा द्यावयाची. मुलाने हे सारे वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. “त्यांची पोटे छान गुटगुटीत आहेत,” असे तो म्हणाला तेव्हा डॉक्टरबाईंनी जंताचे औषधही त्याच्या हाती ठेवले. नगाऱ्यासारखे फुगलेले पिलाचे पोट हे बहुधा धष्टपुष्टपणाचे लक्षण नसते. ते जंत पिलाला आईच्या पोटातच मिळतात, आणि त्यांची अंडी मातीत पडून मुलांच्या हातांनी मुलांच्याही पोटात जातात. “पिलांशी खेळ, पण जेवण्याआधी हात धू,” एवढे त्यांनी दोनदा बजावले.

चौथ्या दिवशी मोत्याने आपण होऊन पाणी चाटले. पाचव्या दिवशी रक्त थांबले. सहाव्या दिवशी पायातील सुई काढताना तो डॉक्टरबाईंच्या बोटाला चावला. दात दुधाचे होते, तरी त्यांनी हात साबणाने पाच-दहा मिनिटे चोळून धुतला आणि नोंदवहीत त्याची नोंद केली. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र राग नव्हता.

आठवड्यानंतर त्या त्याच रस्त्याने एका गोठ्यावर म्हैस पाहावयास चालल्या असता आजींच्या घरावरून गेल्या. अंगणात मोत्या खात होता. बरगड्या अजून दिसत होत्या, शेपटी मात्र जोरात हालत होती. चमच्याच्या जागी आता लहानशी वाटी आली होती. ती चाटून लख्ख झाल्यावर त्याने मान वर करून आजींकडे पाहिले आणि बारीक सूर काढला. आजींचा हात पातेल्याकडे गेला. डाव्याने पातेल्यावर झाकण ठेवले, आणि उजव्याने जमिनीवरची वाटी उचलून त्या आत निघून गेल्या. मोत्या बराच वेळ वाटी ठेवली होती ती जागा चाटीत राहिला.